पहाडी पोपट : भोकरदनची वाट आणि रोमचा पिंजरा

(१) जालना जिल्ह्यातील भोकरदन हे केळना नदीकाठचे गाव. प्राचीन काळी याचे नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत ‘भोगवढन’ येथील दात्यांची नावे आढळतात. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा भाग सापडला. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना दासी असून तिचे कमालीचे साम्य इटलीत मिळालेल्या एका मूर्तीशी आहे.

(२) ती दुसरी मूर्ती १९३८ साली पाँपेई येथे सापडली. इ. स. ७९ मध्ये व्हिसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात ही सुमारे वीतभर उंचीची भारतीय कलाकृती कोणाच्या तरी घरात होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. दोन्ही मूर्तींच्या साम्यावरून दख्खन आणि रोम यांच्यातील संबंधांची चर्चा गेली अनेक दशके चालू आहे.

(३) त्याच उद्रेकात एका लेखकाचाही मृत्यू झाला : थोरला प्लिनी. त्याच्या ‘निसर्गेतिहास’ या प्रचंड ग्रंथात भारतातून येणाऱ्या एका पक्ष्याचे वर्णन आहे. अंग हिरवे, गळ्याभोवती तांबडे वळे, आणि माणसासारखी वाणी. म्हणजे एकाच राखेने भारतीय हस्तिदंताला आपल्यासाठी जपून ठेवले आणि भारतीय पोपटाविषयी लिहिणाऱ्याचा प्राण घेतला.

(४) हस्तिदंत दोन हजार वर्षे टिकते. पिसे टिकत नाहीत आणि बोललेला शब्द तर त्याच क्षणी विरतो. मग भारतातून पश्चिमेला गेलेल्या पोपटांचा इतिहास कशाच्या आधारे लिहायचा? आणि त्या इतिहासात भोकरदनसारख्या गावाला जागा देता येते का? हा धागा या दोन प्रश्नांचा आहे.

(५) प्रथम पक्ष्याची ओळख. महाराष्ट्रात ज्याला ‘पहाडी पोपट’ म्हणतात तो नेहमीच्या पोपटाहून बराच मोठा असतो. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे ५५ सेंटिमीटर; त्यातील निम्म्याहून अधिक लांबी शेपटीचीच. चोच जाडजूड व लालभडक. खांद्यावर गडद तांबडा डाग, आणि हीच त्याची सर्वांत सोपी खूण. आपल्या अंगणात पेरू फोडणाऱ्या साध्या पोपटाला हा डाग नसतो.

(६) प्रौढ नराच्या हनुवटीखाली काळी पट्टी असते आणि मानेमागे गुलाबी वळे. मादीला व पिल्लांना हे वळे नसते. मराठीत या वळ्याला ‘कंठ’ म्हणतात आणि आवाजालाही ‘कंठ’च म्हणतात. पोपटाला कंठ फुटला, या बोलण्यात रंग आणि वाणी दोन्ही एकत्र येतात. प्राचीन लेखकांनीही या पक्ष्याच्या नेमक्या याच दोन गोष्टी टिपून ठेवल्या.

(७) हा पक्षी थव्याने राहतो, संध्याकाळी ठरावीक झाडांवर गोंगाट करत जमतो, पायाने फळ धरून चोचीने सोलतो. जुन्या झाडांच्या ढोलीत हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत घरटे करतो. अंडी साधारणतः दोन ते चार. पिल्ले काही आठवडे ढोलीतच असतात, आणि माणसाचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो याच काळात. लहानपणी पकडलेला पक्षी माणसाळतो आणि बोलायलाही शिकतो.

(८) इंग्रजीत या पक्ष्याचे नाव सिकंदरावरून पडले आहे. सिकंदराने वा त्याच्या सैनिकांनी हे पोपट पश्चिमेला नेले, अशी परंपरागत समजूत त्यामागे आहे. परंतु ग्रीक जगाला बोलणाऱ्या भारतीय पक्ष्याची वार्ता सिकंदराच्या आधीच लागली होती. ती देणारा माणूस भारतात कधी आलाच नव्हता.

(९) तो म्हणजे क्टेसियस, इराणचा सम्राट दुसरा अर्तक्षत्र याच्या दरबारातील ग्रीक वैद्य. काळ इ. स. पू. ४०० च्या आसपासचा. भारताविषयीचा त्याचा ग्रंथ आज मूळ स्वरूपात उपलब्ध नाही. नवव्या शतकातील फोटियस या बायझंटाइन विद्वानाने केलेला सारांश उरला आहे. त्यात ‘बित्ताकोस’ नावाचा पक्षी येतो : आकार ससाण्याएवढा, चेहरा जांभळट तांबडा, काळी दाढी, मानेपर्यंत गडद निळी छटा.

(१०) हे वर्णन पहाडी पोपटापेक्षा जांभळ्या डोक्याच्या लहान पोपटाला अधिक जुळते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. काळी दाढी म्हणजे हनुवटीखालची काळी पट्टी. आकाराच्या बाबतीत मात्र क्टेसियसची गल्लत झालेली दिसते, कारण जांभळ्या डोक्याचा पोपट ससाण्याहून पुष्कळ लहान असतो. राक्षसी मुंग्या आणि विचित्र माणसे यांच्या कथा सांगणाऱ्या या ग्रंथात इतके ओळखता येण्याजोगे वर्णन सापडावे, हेच विशेष.

(११) क्टेसियसचे पुढचे विधान महत्त्वाचे आहे. हा पक्षी ‘भारतीय भाषा’ बोलतो, आणि ग्रीक शिकवली तर ग्रीकही बोलेल, असे तो म्हणतो. म्हणजे इराणच्या दरबारात पोहोचलेला पक्षी माणसाचे शब्द आधीच शिकलेला होता. कोणीतरी भारतीय माणसाने त्याला आपल्या भाषेत बोलते केले होते. पोपटाच्या इतिहासातला हा पहिला शिक्षक. त्याचे नाव अर्थातच कोणी लिहून ठेवले नाही.

(१२) पुढे सिकंदराचा नौदलप्रमुख नेआर्कस याने इ. स. पू. ३२५ मध्ये सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखातापर्यंत प्रवास केला. त्याच्या वृत्तांतात पोपट हे एक आश्चर्य म्हणून आले होते. हे आपल्याला कळते ते इ. स. च्या दुसऱ्या शतकातील आरियनमुळे. आरियन म्हणतो की, असे पोपट त्याने स्वतः पुष्कळ पाहिले आहेत आणि इतरांनाही ते ठाऊक आहेत. सबब त्यांचे वर्णन करण्याचे कारण नाही.

(१३) या एका वाक्यात साडेचारशे वर्षांचा इतिहास सामावला आहे. नेआर्कसला जे नवल वाटले ते आरियनच्या काळी घरोघरी नसले तरी परिचयाचे झाले होते. नवलाची वस्तू परिचयाची होते ती सतत पुरवठा झाल्यामुळे. एखाद्या राजाला भेट गेलेल्या दोन-चार पक्ष्यांनी हे घडत नाही.

(१४) मधल्या काळाचा एक पुरावा चित्ररूपात आहे. आजच्या तुर्कस्तानातील पर्गामन येथील राजवाड्याच्या फरशीवर रंगीत खड्यांच्या जडावकामात एक पोपट साकारलेला होता. काळ इ. स. पू. दुसरे शतक. हा तुकडा आज बर्लिनमध्ये असून तो पहाडी पोपटाच्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडे सातवाहनांचा उदय होत असतानाच्या सुमारास ग्रीक कारागीर भारतीय पोपट रंगवत होते.

(१५) रोममध्ये या पक्ष्याचे कौतुक शिगेला पोहोचले. ओव्हिड या कवीने प्रेयसीच्या मेलेल्या पोपटावर विलापिका रचली. स्टेशियसने अतेदियस मेलियर या धनिकाच्या पोपटावर तशीच कविता लिहिली. तिच्यात पिंजऱ्याचे वर्णन आहे : कासवाच्या पाठीचा झळाळता घुमट, चांदीचे गज आणि त्यांना जोडणारे हस्तिदंत. म्हणजे पिंजऱ्याच्या सामानातही पूर्वेकडील व्यापाराचा वाटा होता.

(१६) आता प्लिनीकडे परत. त्याच्या नोंदीत निरीक्षण आणि क्रौर्य शेजारी शेजारी आहेत. हा पक्षी सम्राटांना अभिवादन करतो, ऐकलेले शब्द उच्चारतो, मद्य पाजले की विशेष चेकाळतो. त्याचे डोके चोचीइतकेच कठीण असल्यामुळे बोलणे शिकवताना लोखंडी सळीने मारावे लागते, एरवी त्याला मार जाणवत नाही, असे प्लिनी लिहितो.

(१७) त्याच नोंदीत आणखी एक बारकावा आहे. हा पक्षी उतरताना चोचीवर भार घेतो, कारण त्याचे पाय दुबळे असतात. कारणमीमांसा चुकीची असली तरी निरीक्षण अचूक आहे. पोपट चढता-उतरताना चोचीचा उपयोग तिसऱ्या पायासारखा करतात, हे २०२२ साली छोट्या आफ्रिकी पोपटांवर केलेल्या प्रयोगांतही मोजून दाखवले गेले. पिंजऱ्यात चढणारा पोपट प्लिनीने स्वतः नसेल पाहिला, तर पाहिलेल्या कोणाकडून तरी नीट ऐकला होता.

(१८) परंतु रोममधला प्रत्येक पोपट भारतातूनच आला होता असे मानणे चूक ठरेल. नीरोने नाईल नदीच्या वरच्या खोऱ्यात पाठवलेल्या शोधपथकाला मेरोईच्या वाटेवर पोपट दिसल्याचे प्लिनीच सांगतो. गळ्यात वळे असलेला साधा पोपट आफ्रिकेतही आढळतो. पहाडी पोपट आफ्रिकेत नाही. प्लिनीच्या वर्णनात खांद्यावरच्या तांबड्या डागाचा उल्लेख नाही. तेव्हा त्याच्यासमोर साधा पोपट असण्याची शक्यता अधिक आहे.

(१९) मग व्यापाराची कागदपत्रे काय सांगतात? इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हे ग्रीक भाषेतील नाविकांचे मार्गदर्शक पुस्तक दख्खनच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे आजचे तेर, आणि तेथून गाड्यांवर लादून येणारा माल, असे त्यात दिले आहे.

(२०) भडोच बंदरातून निर्यात होणाऱ्या वस्तूंची यादीही त्यात आहे : जटामांसी, गुग्गुळ, हस्तिदंत, अकीक, सुती व रेशमी वस्त्रे, पिंपळी. या यादीत हस्तिदंत आहे, पोपट नाही. कवींच्या ओळींत पोपट सर्वत्र आहे आणि व्यापाऱ्यांच्या यादीत कुठेच नाही. या विरोधाचा अर्थ लावणे हेच इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढचे खरे काम आहे.

(२१) एक उलगडा संभवतो. यादीत येतो तो घाऊक माल. पोपट हा गाठोड्यात बांधून, वजन करून पाठवण्याचा जिन्नस नव्हे. त्याला वाटेत दाणापाणी लागते, ऊन-वाऱ्यापासून जपावे लागते. खलाशी, तांडेवाले, फिरते विक्रेते यांनी एकेक पक्षी सोबत नेला असेल, तर त्याची नोंद बंदराच्या यादीत येणार नाही. हे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच ते मांडले पाहिजे.

(२२) भोकरदनचा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. उज्जैनहून पैठणला जाणाऱ्या प्राचीन वाटेच्या टापूत, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेला हे गाव आहे. येथे हस्तिदंताचे काम होत असे, व्यापार होता, दूरच्या स्तूपाला दान देण्याइतकी संपन्नता होती. ‘मग येथूनच पोपट रोमला गेले’ असे वाक्य लिहिणे सोपे आहे आणि समाजमाध्यमांवर ते झपाट्याने पसरेल. पण त्याला पुरावा नाही.

(२३) हस्तिदंताच्या मूर्तीबाबतही हाच संयम लागतो. पाँपेईची मूर्ती भोकरदनच्या परिसरातच घडली, असे काही अभ्यासकांनी सुचवले. दुसरीकडे तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे, आणि खरोष्ठी ही वायव्य भारताची लिपी. दोन वस्तू सारख्या दिसतात यावरून त्या एकाच हाताच्या ठरत नाहीत. वस्तू हातात असतानाही जिथे इतकी सावधगिरी, तिथे उडून गेलेल्या पक्ष्याबाबत ती दुप्पट हवी.

(२४) तरीही दख्खन या कथेत मुकी नाही. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातील गाथांच्या संग्रहात, आकाशातून उतरणारा पोपटांचा थवा आहे, त्याच्या हिरव्या-लाल रंगांना पाचू-माणकांची उपमा दिली आहे. घरातली एकांतातली बोलणी चारचौघांत उघड करणारी पिंजऱ्यातली साळुंकीही त्याच संग्रहात आहे.

(२५) म्हणजे या भूमीत बोलका पक्षी घराच्या आतल्या दालनापर्यंत पोहोचला होता. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त तर पोपट व साळुंकी यांना बोलायला शिकवणे ही चौसष्ट कलांपैकी एक मानली आहे. नागरकाच्या दिनक्रमात जेवणानंतरचा वेळ या कामासाठी राखलेला आहे. रोममध्ये सळी होती. येथे ती फावल्या वेळची कला होती. अर्थात पिंजरा दोन्हीकडे होता.

(२६) राजवाड्यात या पक्ष्याला निराळे काम होते. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’नुसार सापाच्या विषाची शंका येताच पोपट आणि साळुंकी ओरडू लागतात, म्हणून त्यांना राजगृहात ठेवावे. त्याच ग्रंथात ज्या पक्ष्यांना अभय द्यावयाचे त्यांच्या यादीतही पोपट आहे. पाळणे आणि राखणे या दोन्ही कल्पना एकाच ग्रंथात एकत्र नांदतात.

(२७) त्याहून ठोस पुरावा दगडावर कोरलेला आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य ठरवलेल्या प्राण्यांची यादी आहे. तिची सुरुवात ‘सुके’ आणि ‘सालिका’ या शब्दांनी होते : पोपट आणि साळुंकी. संरक्षित प्राण्यांच्या या प्राचीन राजकीय यादीत पहिले नाव पोपटाचे आहे.

(२८) इ. स. च्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात ईलियन या रोमन लेखकापर्यंत भारताची ही कीर्ती पोहोचलेली दिसते. भारतात पोपट कोणी खात नाही आणि ब्राह्मण त्याला मान देतात, असे तो लिहितो. त्याच लेखकाची दुसरी नोंद मात्र अधिक मोलाची आहे. मुलांसारखे शिकवले तर हे पक्षी बोलके होतात. रानात मात्र ते पक्ष्यांचाच आवाज काढतात, माणसाचे शब्द बोलत नाहीत.

(२९) क्टेसियसपासून प्लिनीपर्यंत बहुतेकांनी लिहिले ते पोपटाच्या तोंडी असलेल्या माणसाच्या शब्दांविषयी. त्याचा स्वतःचा आवाज, त्याचा थवा, त्याची ढोली यांविषयी कोणाला फारसे कुतूहल नव्हते. ईलियनच्या या वाक्यात पिंजऱ्याबाहेरचा पोपट क्षणभर ऐकू येतो. थव्यात एकमेकांचे आवाज ऐकून शिकण्याची जी उपजत शक्ती या पक्ष्याजवळ आहे, तीच पिंजऱ्यात माणसाकडे वळते. थवा हिरावला की माणूसच त्याचा थवा होतो.

(३०) ही कथा संपलेली नाही. भारतात १९७२ साली वन्यजीव (संरक्षण) कायदा झाला. १९९०–९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहाडी पोपट कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. तो पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पिंजऱ्यात पाळणे हा गुन्हा आहे. जागतिक पातळीवर त्याची नोंद ‘संकटसमीप’ अशी असून पिल्लांची चोरटी विक्री आणि ढोलीच्या जुन्या झाडांचा ऱ्हास ही त्यामागची प्रमुख कारणे आहेत.

(३१) ‘पोपट पाळणे ही आपली परंपरा आहे’ असे समर्थन अनेकदा ऐकू येते. ते अर्धे खरे आहे. ‘कामसूत्र’ परंपरेत आहे, तसा अशोकाचा स्तंभलेखही परंपरेतच आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या समाजातही पिंजरा आणि अभय यांच्यात निवड करता येत होती, आणि एका राजाने आपली निवड दगडावर कोरून ठेवली. परंपरेचा दाखला देणाऱ्याने तिची दोन्ही पाने उघडली पाहिजेत.

(३२) भोकरदनच्या हस्तिदंताने दख्खन आणि रोम यांच्यातील वाट दाखवली. त्या वाटेने पोपट गेले की नाही, हे ती मूर्ती सांगू शकत नाही. पण कुठल्या तरी भारतीय वाटेने ते गेले, कोणीतरी त्यांना ढोलीतून काढले, कोणीतरी पहिला शब्द शिकवला, इतके निश्चित. त्या माणसांची नावे इतिहासात नाहीत. पक्ष्यांचीही नाहीत. उरले आहेत ते परक्यांनी टिपलेले काही शब्द, एका फरशीवरचे चित्र आणि एका स्तंभावरचे नाव : सुके.

(समाप्त)